अस्थिगत स्तनार्बुद : बायॉप्सीचा आग्रह व चिकित्सानिर्णय

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच-सात वर्षे लोटलेली रुग्णा कंबरदुखीची तक्रार घेऊन आपल्या चिकित्सालयात येते, हा प्रसंग आता दुर्मीळ राहिलेला नाही. बहुधा तिची पहिली भेट कर्करोगतज्ज्ञाशी होत नाही, ती होते आपल्याशी. कंबरदुखी, खांदादुखी, मांडीतील ठणका यांसाठी वैद्याकडे जाण्याची आपल्या समाजाची रीत आहे आणि त्या विश्वासास आपण पात्र ठरावे हे आपले कर्तव्य आहे. म्हणूनच स्तनार्बुद अस्थीपर्यंत पोहोचल्यावर निदानाची व चिकित्सानिर्णयाची वाट कशी जाते, त्या वाटेवर बायॉप्सीचे स्थान काय आणि वैद्य व औषधालयचालक यांनी कोठे सावध राहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत. आरंभ मात्र आमच्याच एका चुकीपासून करावा लागेल.

रुग्णवृत्त

रुग्णा वय ५६ वर्षे. कटिप्रदेशी व उजव्या श्रोणिभागी वेदना, कालावधी तीन महिने. रात्री वेदना वाढते, कूस बदलता येत नाही, झोप मोडते. मलप्रवृत्ती बद्ध, क्षुधा मंद. आम्ही कटीशूल असे निदान करून स्नेहन, स्वेदन व बस्ती यांची योजना केली. पहिल्या पंधरवड्यात थोडा उपशय मिळाला, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो. पुढे वेदना पूर्ववत झाली, नंतर वाढली. एक्स-रेमध्ये विशेष काही आढळले नाही. सात आठवडे असे गेल्यावर जुना केसपेपर पुन्हा वाचताना पहिल्याच पानावर आमच्याच अक्षरांत लिहिलेली ओळ दिसली : सात वर्षांपूर्वी डाव्या स्तनाची कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, त्यानंतर केमोथेरपी व पाच वर्षे हार्मोनच्या गोळ्या. इतिहास आम्ही विचारला होता, लिहिलाही होता, परंतु वेदनेशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

त्याच दिवशी बस्ती व स्वेदन थांबवून रुग्णेस एमआरआयसाठी पाठविले. तिसऱ्या कटिकशेरुकेत व उजव्या श्रोणिफलकात विकृती आढळली. कर्करोगतज्ज्ञांनी पुढील तपासण्या करून श्रोणिफलकाची बायॉप्सी सुचविली. दुसऱ्या दिवशी रुग्णेचे पती आमच्याकडे आले व म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सुई टोचली की कॅन्सर चवताळतो असे सगळे सांगतात. आजार काय आहे ते तर ठाऊकच आहे, सात वर्षांपूर्वीचा रिपोर्टही आहे. मग पुन्हा हाडाला भोक कशासाठी पाडायचे?" हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. तो प्रत्येक कुटुंबाचा असतो आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ पुष्कळदा आपल्यावरच येते.

शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व गलगंड यांच्यासमवेत अर्बुदाचे वर्णन येते. अर्बुद कफ व मेदाच्या आधिक्यामुळे पाकास जात नाही, हे त्याचे वैशिष्ट्य तेथे सांगितले आहे. पूर्वीच्या स्थानी पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदास अध्यर्बुद आणि जोडीने अथवा क्रमाने होणाऱ्या अर्बुदांस द्विरर्बुद ही संज्ञा देऊन त्यांची असाध्यता नोंदविली आहे. चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत अस्थिमज्जागत वाताच्या लक्षणांमध्ये सतत वेदना, निद्रानाश आणि मांस व बल यांचा क्षय येतो. आमच्या रुग्णेत ही तिन्ही लक्षणे होती. वाताचे स्थान आम्ही ओळखले, पण तो तेथे कोणत्या कारणाने प्रकुपित झाला हे शोधले नाही. हेतुविचाराशिवाय केलेली संप्राप्ती अपुरी राहते याचा हा धडा होता.

मात्र प्राचीन वर्णनात आधुनिक पेशीविज्ञान शोधू नये. दोन्ही शास्त्रांचा मान त्यांच्या त्यांच्या मर्यादेत राखलेला बरा.

अस्थींमध्ये प्रसार का होतो ?

स्तनाच्या कर्करोगाचा दूरस्थ प्रसार सर्वाधिक वेळा अस्थींतच होतो. कशेरुका, श्रोणी, पर्शुका, कपालास्थी तसेच ऊर्वस्थी व प्रगंडास्थी यांचे वरचे भाग ही त्याची नेहमीची स्थाने. इंग्लंडमधील शल्यतज्ज्ञ स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी अभ्यासून असे मांडले की, प्रसार केवळ रक्तप्रवाहाच्या योगायोगाने होत नाही. बीज कितीही विखुरले तरी ते अनुकूल भूमीतच रुजते. क्षेत्र व बीज यांचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही, त्यामुळे हा सिद्धांत आपणांस सहज उमगतो.

आज त्या भूमीचे स्वरूप बरेच स्पष्ट झाले आहे. अर्बुदपेशी अस्थीत पोहोचल्यावर अशी द्रव्ये स्रवतात की, त्यांच्या प्रभावाने अस्थी झिजविणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेततात. अस्थी झिजताच तिच्यात साठलेले वृद्धिकारक घटक मोकळे होतात आणि ते अर्बुदपेशींचेच पोषण करतात. असे हे चक्र फिरत राहते. अस्थी पोकळ होते, ठणकते, प्रसंगी किरकोळ धक्क्याने मोडते.

साध्या एक्स-रेवर विसंबू नये, याचे कारणही येथेच आहे. कशेरुकेतील सुमारे तीस ते पन्नास टक्के खनिजांश नष्ट होईपर्यंत एक्स-रेत विकृती दिसत नाही. उलट बोन स्कॅन अतिसंवेदनशील असल्याने जुना अस्थिभंग अथवा संधिवातही त्यात उजळून दिसतो. म्हणजे एक तपासणी आजार लपविते, तर दुसरी नसलेला आजार दाखविते.

बायॉप्सी कशासाठी ?

पहिले कारण निदाननिश्चितीचे. अस्थीत दिसलेला प्रत्येक डाग जुन्या कर्करोगाचाच असतो असे नाही. अस्थिक्षयामुळे झालेला कशेरुकाभंग, मल्टिपल मायलोमा, दुसऱ्याच एखाद्या अवयवाचा कर्करोग आणि आपल्या देशात विशेषेकरून लक्षात ठेवावा असा मणक्याचा क्षयरोग, ही सर्व चित्रे एकमेकांसारखी दिसू शकतात. क्षयरोग्यास केमोथेरपी मिळणे जितके घातक, तितकेच कर्करोग्यास क्षयाची औषधे देत महिने दवडणेही घातक. विकृती एकाच ठिकाणी असेल तर हा विचार अधिकच कसोशीने करावा लागतो.

दुसरे कारण चिकित्सेच्या दिशेचे. स्तनकर्करोगाची औषधयोजना प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते : इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन. मूळ अर्बुद व प्रसृत अर्बुद यांत ही लक्षणे नेहमी सारखी राहत नाहीत. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसते की, इस्ट्रोजेन रिसेप्टरचा निष्कर्ष सुमारे पाचपैकी एका रुग्णेत, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचा सुमारे तिघींपैकी एकीत व हर-२ चा सुमारे दहापैकी एकीत बदललेला आढळतो. सात वर्षांपूर्वीच्या अहवालावर आजची चिकित्सा ठरविणे म्हणजे जुन्या नाडीवर आजचे औषध लिहिणे होय. याच कारणास्तव प्रथमच प्रसार आढळल्यास, शक्य असेल तेथे, त्या स्थानाची बायॉप्सी घ्यावी असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा आग्रह आहे.

सुई टोचल्याने आजार पसरतो या भीतीचे उत्तर आम्ही त्या गृहस्थांस असे दिले : आजार रक्तावाटे हाडापर्यंत स्वतःच आलेला आहे, सुईने तो आणलेला नाही. सुईच्या मार्गाने पेशी रुजणे ही अत्यंत विरळ घटना आहे. तिच्या भयाने निदानच टाळणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर दिवा लावायला भिणे. सुश्रुतांनी अष्टविध शस्त्रकर्मांत एषण व आहरण यांस स्थान दिले आहे. शोधणे आणि बाहेर काढून पाहणे हे आपल्याही परंपरेस परके नाही. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि संमतिपत्रावर सही करण्यास गेले.

बायॉप्सी कोठून व कशी ?

सामान्यतः सीटी स्कॅनच्या साहाय्याने, स्थानिक भूल देऊन, जाड सुईने अस्थीचा तुकडा घेतला जातो. बारीक सुईने केवळ पेशी काढल्यास रिसेप्टरच्या तपासणीसाठी ऊती अपुरी पडण्याचा संभव असतो. दगडासारख्या घट्ट झालेल्या विकृतीपेक्षा झिजलेल्या विकृतीतून, आणि अस्थीच्या बाहेर मृदू भाग आला असल्यास तेथून, उपयुक्त नमुना मिळण्याची शक्यता अधिक असते. मानेतील ग्रंथी, त्वचा अथवा यकृत असे सुलभ स्थान बाधित असेल तर अस्थीऐवजी तेथील नमुना घेता येतो. प्रक्रियेपूर्वी प्लेटलेट व रक्त गोठण्याची तपासणी होते. रुग्णा जी जी औषधे घेते, त्यांत आपण दिलेले गुग्गुळकल्प, लसूणकल्प व इतर सर्व योग आले, त्यांची यादी संबंधित डॉक्टरांकडे लेखी पोहोचली पाहिजे.

यापुढील टप्प्याची माहिती फारशी कोणास नसते, म्हणून ती विस्ताराने देतो. अस्थीचा तुकडा कठीण असल्याने त्याचे पातळ काप घेण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम काढून टाकावे लागते. यास डीकॅल्सिफिकेशन म्हणतात. हे काम तीव्र आम्लाने केल्यास लवकर होते, परंतु आम्लामुळे रिसेप्टरची प्रथिने व डीएनए यांची हानी होते आणि असलेला रिसेप्टर नसल्यासारखा दिसू शकतो. ईडीटीए या द्रव्याने हेच काम सावकाश होते, पण ऊती पुष्कळ अंशी सुरक्षित राहते. म्हणून अस्थीच्या नमुन्यातील होकारार्थी अहवाल विश्वसनीय मानता येतो, नकारार्थी अहवाल मात्र तपासून घ्यावा लागतो.

आमच्या रुग्णेत नेमके हेच घडले. पहिल्या अहवालात स्तनजन्य कर्करोगाची निश्चिती झाली, परंतु तिन्ही लक्षणे नकारार्थी आली. मूळ अर्बुद तर हार्मोन रिसेप्टर असलेले होते. अहवाल तसाच स्वीकारला असता तर हार्मोन चिकित्सेचा मार्ग बंद होऊन थेट केमोथेरपी सुरू झाली असती. अहवालाच्या तळाशी आम्लाने डीकॅल्सिफिकेशन केल्याची टीप होती. तज्ज्ञांनी ती वाचली, विकृतिशास्त्रज्ञांशी बोलणे केले आणि श्रोणिफलकालगतच्या मृदू भागातून दुसरा नमुना घेतला. त्यास आम्ल लावावे लागले नाही. या वेळी इस्ट्रोजेन रिसेप्टर ऐंशी टक्के पेशींत आढळला, हर-२ नकारार्थी राहिले. दहा दिवसांच्या विलंबाने आणि आणखी एका सुईने पुढील चिकित्सेचा मार्गच बदलला.

बायॉप्सी प्रत्येक वेळी करावीच असेही नाही. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर आधी तो दूर करावा लागतो. स्थान धोक्याचे असेल, रुग्णा अतिक्षीण असेल, अथवा निष्कर्ष काहीही आला तरी चिकित्सा बदलणार नसेल, तर सुईचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. 'या तपासणीने काय बदलेल ?' हा प्रश्न आधी विचारावा.

चिकित्सानिर्णय

अस्थीपर्यंत पोहोचलेला स्तनकर्करोग समूळ बरा होण्याची अपेक्षा सहसा धरता येत नाही. तो याप्य कोटीतील आहे असे समजून चिकित्सेची आखणी होते. आयुष्य वाढविणे, वेदना शमविणे, अस्थिभंग व पक्षाघात टाळणे हे तिचे हेतू. योग्य चिकित्सेने अनेक रुग्णा वर्षानुवर्षे घरातले व बाहेरचे व्यवहार करतात, हेही तितकेच खरे.

हार्मोन रिसेप्टर होकारार्थी व हर-२ नकारार्थी असल्यास लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल अथवा फुलवेस्ट्रंट यांसारख्या हार्मोन चिकित्सेसोबत सीडीके ४/६ रोधक औषधे देतात. पालबोसिक्लिब, रायबोसिक्लिब व अबेमासिक्लिब ही ती औषधे. रजोनिवृत्त स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीत लेट्रोझोलसह रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचे मध्यांक आयुर्मान ६३.९ महिने, तर केवळ लेट्रोझोल घेणाऱ्यांचे ५१.४ महिने आढळले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये भारतात पालबोसिक्लिबच्या पेटंटची मुदत संपली व अनेक भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात आणले, त्यामुळे ही चिकित्सा मध्यमवर्गाच्या थोडी आवाक्यात आली. यकृतादी अवयवांचे कार्य झपाट्याने ढासळत असेल तेव्हा केमोथेरपीचा विचार आधी होतो.

हर-२ होकारार्थी असल्यास ट्रास्टुझुमॅब व पर्टुझुमॅब ही लक्ष्यवेधी औषधे केमोथेरपीसोबत देण्याची पद्धत रूढ आहे. २०२२ पासून हर-२ अल्प प्रमाणात असलेल्या रुग्णांसही ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानचा लाभ होतो असे दिसून आल्याने '०' आणि '१+' या अंकांतील भेदालाही महत्त्व आले. तिन्ही लक्षणे नकारार्थी असल्यास केमोथेरपी, ठरावीक रुग्णांत इम्युनोथेरपी आणि बीआरसीए जनुकातील दोष असल्यास त्यानुसार औषधे, असा क्रम असतो. एकाच नावाच्या रोगाच्या या तीन निराळ्या वाटा आहेत. कोणती धरायची हे तो अस्थीचा तुकडा सांगतो.

अस्थिरक्षणासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम शिरेवाटे अथवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम त्वचेखाली देतात. झोलेड्रॉनिक ॲसिड दर चार आठवड्यांऐवजी दर बारा आठवड्यांनी दिले तरी अस्थिविषयक उपद्रवांच्या दृष्टीने ते उणे पडत नाही, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखविले. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी आवश्यक, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड निर्जीव होण्याचा धोका असतो. वेदनेसाठी किरणोपचाराची ८ ग्रेची एकच मात्रा अनेक मात्रांइतकीच वेदनाशामक ठरते, मात्र पुन्हा किरणोपचार लागण्याचे प्रमाण तिच्यात अधिक असते. मांडीचे हाड मोडण्याच्या बेतात असल्यास ते मोडण्याआधीच सळई घालणे हिताचे. त्यासाठी स्थान, वेदना, विकृतीचे स्वरूप व आकार यांवर आधारित मिरेल्स गुणांकन १९८९ पासून वापरात आहे.

निदानाच्या वेळीच प्रसार असलेल्या रुग्णेत स्तनातील मूळ गाठ काढावी काय, असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात ३५० रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनी आयुर्मान वाढले नाही. मध्यांक आयुर्मान चिकित्सा दिलेल्या गटात १९.२ महिने, तर न दिलेल्या गटात २०.५ महिने होते. त्यामुळे गाठ काढली नाही म्हणून डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ काढू नये.

आणखी एक सूचना. चिकित्सा लागू पडल्यावर अस्थी भरून येऊ लागते. तेव्हा पहिल्या काही महिन्यांतील बोन स्कॅनमध्ये डाग अधिक ठळक किंवा नवे दिसू शकतात. वेदना कमी व शक्ती वाढलेली असताना केवळ त्या चित्रावरून औषध निरुपयोगी ठरले असे रुग्णेस आपण सांगू नये.

वैद्य व औषधालयचालकांनी पाळावयाचे नियम

१. स्तनकर्करोगाचा इतिहास असलेल्या स्त्रीस नवी, सतत, रात्री वाढणारी अस्थिवेदना असेल तर एमआरआय अथवा तत्सम तपासणी होईपर्यंत मर्दन, कर्षण, मणक्यास झटके देणे व कटिबस्ती करू नये.

२. पायांत बळ नसणे, बधिरता, मलमूत्राचा अवरोध अथवा नियंत्रण जाणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे होत. येथे एक दिवसही थांबू नये. चालणे एकदा गेले की ते परत येईलच याची शाश्वती नसते.

३. तृष्णा, छर्दी, मलबद्धता, तंद्रा व भ्रम एकत्र आढळल्यास रक्तातील कॅल्शियम तपासावे. प्रवाळ, मुक्ता, शंख, कपर्दिक व कुक्कुटांडत्वक् भस्म हे सर्व कॅल्शियमचे कल्प आहेत. अस्थिक्षयात आपण ते सहज देतो. परंतु रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले असताना ते घातक ठरू शकतात. उलट डेनोसुमॅब घेणाऱ्या रुग्णेस कॅल्शियमची गरज असते. म्हणून तपासणी व तज्ज्ञांचा विचार घेतल्यावाचून ते देऊ नयेत, औषधालयानेही मागितले म्हणून विकू नयेत.

४. पिप्पली व मरिचातील पायपरीन यकृतातील ज्या एन्झाइमास अवरोध करते असे प्रयोगांत दिसते, त्याच एन्झाइमाने पालबोसिक्लिब व रायबोसिक्लिब यांचे पचन होते. त्रिकटुयुक्त कल्प दीर्घकाळ चालू असल्यास ते तज्ज्ञांस कळवावे. शतावरी, यष्टिमधु यांसारखी संप्रेरकसदृश क्रियेची द्रव्ये हार्मोन चिकित्सेच्या काळात टाळावीत. झोलेड्रॉनिक ॲसिडमुळे वृक्कावर भार येतो, म्हणून त्या काळात धातुकल्प व वेदनाशामक गोळ्या स्वमताने देऊ नयेत.

५. श्वेतपेशी घटलेल्या असताना बस्ती देऊ नये. किरणोपचाराच्या त्वचेवर स्वेदन व लेप करू नये.

६. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. असे फलक दुकानात लावू नयेत.

यानंतर उरते ते क्षेत्र लहान नाही. पथ्यापथ्य, अग्निरक्षण, मॉर्फिनने होणाऱ्या मलबद्धतेचे उपाय, निद्रा, मुखपाक आणि मनोबल, येथे तज्ज्ञांस सांगून केलेली आपली चिकित्सा रुग्णेस खरोखर दिलासा देते.

उपसंहार

आमच्या रुग्णेस लेट्रोझोल व पालबोसिक्लिब सुरू झाले, कटिकशेरुकेस किरणोपचार मिळाला, झोलेड्रॉनिक ॲसिडची योजना झाली. दीड वर्ष उलटले आहे. ती काठी घेऊन चालते, रात्री झोपते, नातवास शाळेत पोहोचवून येते. ती व्याधिमुक्त नाही आणि तिला ते ठाऊक आहे. आमचे गेलेले सात आठवडे भरून आलेले नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या दिवसापासून आमच्या चिकित्सालयात केसपेपरच्या माथ्यावर पूर्वीच्या कर्करोगाची नोंद तांबड्या शाईने केली जाते व कोणत्याही शूलाचे औषध लिहिण्यापूर्वी ती वाचली जाते. वैद्यबंधू-भगिनींनीही हा परिपाठ ठेवावा, एवढीच विनंती.